स्टान्स बदलला की ठोसा लागतो: पुन्हा पुन्हा उलटणारा दोष आणि त्यावरचे उपाय

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातल्या बॉक्सिंग शिकणाऱ्या मुलांची एक तक्रार सारखी कानावर येते. मुलगा एका स्टान्समध्ये, म्हणजे एक ठरावीक पाय पुढे ठेवून उभं राहण्याच्या पवित्र्यात, चांगला खेळतो. बॅगवर दोन्ही बाजूंनी ठोसे मारतो, आरशासमोर डावा-उजवा पाय सफाईने बदलतो. पण स्पॅरिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीत, पाय बदलला रे बदलला की समोरच्याचा हात तोंडावर. महिनाभर त्यावर मेहनत घेतली की सुधारल्यासारखं वाटतं आणि पुढच्या स्पर्धेत गाडी मूळपदावर. एका मुलाने मला हे अहिराणीत अगदी थोडक्यात सांगितलं होतं: "सर, पाय बदला का मार पडस."

अशा वेळी बहुतेक जण एकच निदान करतात: पाय हळू आहेत. मग दोरीवरच्या उड्या वाढवतात, जमिनीवर आंथरलेल्या शिडीतून पावलं टाकायचा व्यायाम वाढवतात. माझ्या पाहण्यात पायांचा वेग हे कारण क्वचितच निघालं आहे. दोनच गोष्टी बहुतेक वेळा सापडतात. एक तर पाय चुकीच्या अंतरावर बदललेले असतात, किंवा बदल रिकामा असतो, म्हणजे त्याच्या आगेमागे ठोसा, हुलकावणी किंवा बाजूला सरकणं यातलं काहीच नसतं. बाकीची कारणंही आहेत, पण ती या दोन तपासून झाल्यावर.

आधी ठोसा कुठे लागला ते बघा

मोबाईल सगळ्यांकडे असतो. तो रिंगच्या एका बाजूला गुडघ्याच्या उंचीवर टेकवून ठेवा आणि स्लो मोशनवर दोन फेऱ्यांचं स्पॅरिंग घ्या. समोर उभं राहून काढलेल्या व्हिडिओत चेहरा आणि हात छान दिसतात, पाय नेमके कापले जातात. मग तो व्हिडिओ मागे-पुढे करत तो क्षण शोधा, ज्यात मुलाचे दोन्ही पाय एका पातळीवर आले आहेत. तिथे थांबवा आणि समोरच्याच्या पुढच्या हाताकडे बघा. तो हात सरळ लांबवला तर मुलाला पोचेल का? पोचत असेल तर अंतर चुकलं. एवढ्यावर निम्मी प्रकरणं संपतात.

अंतर बरोबर असूनही मार बसत असेल तर ठोशाची जागा बोलते. नाकावर मधोमध सरळ ठोसा आला असेल, तर बदलताना छाती समोरच्याकडे पूर्ण उघडी झाली आणि तशीच राहिली. पाय पूर्ण फिरले, कंबर फिरली नाही. ऑर्थोडॉक्समधून (डावा पाय आणि डावा हात पुढे) साउथपॉमध्ये (उजवा पाय आणि उजवा हात पुढे) जाताना डाव्या गालावर ठोसा बसत असेल, तर पाय बदलले पण हात बदलले नाहीत. काल-परवापर्यंत जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारणारा डावा हात आता मागचा हात झाला आहे, त्याची जागा हनुवटीजवळ आहे. तो मात्र जुन्या सवयीने पुढे, खाली लोंबत असतो. समोरचा ऑर्थोडॉक्स असेल तर त्याचा उजवा सरळ ठोसा नेमका त्याच वाटेने येतो.

ठोसा हलकाच होता, तरी मुलगा दोन पावलं मागे फेकला गेला? मग पाय एकामागे एक, एकाच रेषेत पडले आहेत. ठोसा लागलाच नाही, पण दोघांचे पुढचे पाय एकमेकांत अडकले, तर त्याचं कारण वेगळं आहे. ऑर्थोडॉक्स आणि साउथपॉ समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकाच बाजूला येतात आणि जागेसाठी भांडतात. अशा वेळी आपला पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर ठेवायला शिकवतात. त्यामुळे मागच्या हाताला वाट मोकळी मिळते. हा काही दगडावरचा नियम नव्हे, आतला पाय ठेवूनही उत्तम खेळता येतं, पण शिकाऊ मुलाने बाहेरच्या पायापासून सुरुवात करावी हे बरं.

आणि शेवटचा प्रकार, जो पालकांच्या लक्षात येत नाही: मार लागत नाही, पण बदलल्यानंतर मुलालाही काही मारता येत नाही. नुसता उभा राहतो. वजन चुकीच्या पायावर गेलेलं असतं.

रिकामा बदल

पाय बदलताना दोन्ही पाय एका ओळीत येण्याचा क्षण येतोच. तो कोणालाही टाळता येत नाही. त्या क्षणी मागे सरायला मागचा पाय नसतो, पुढे झेपावायला पुढचा पाय नसतो. जागेवर उडी मारून बदल केला तर पाय जमिनीवरच नसतात, म्हणजे दिशा बदलायची सोयही गेली. तेव्हा तो क्षण कुठे आणि कशाच्या आडून काढायचा, एवढंच आपल्या हातात उरतं.

पहिली जागा म्हणजे समोरच्याच्या हाताच्या पल्ल्याबाहेर. मुहम्मद अलीचं उदाहरण घ्या. १४ नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्ध त्याची ती भिरभिरती पावलं सगळ्या जगाने पाहिली. विल्यम्स तिसऱ्या फेरीत संपला. आज त्याचे तुकडे रील्समधून फिरतात आणि आपली मुलं तसंच करायला जातात. रील पुन्हा बघा, या वेळी अलीच्या पायांऐवजी दोघांमधलं अंतर बघा. अली हे सुरक्षित अंतरावर करतो, समोरच्याची नजर खाली ओढतो आणि त्यानंतरच आत येतो. आपली मुलं तेच पाऊल समोरच्याच्या जॅबच्या टप्प्यात टाकतात.

दुसरी जागा म्हणजे आपल्याच ठोशाची आड. हा डाव फार जुना आहे. १७ मार्च १८९७ ला नेवाडातल्या कार्सन सिटीत बॉब फिट्झसिमन्सने जेम्स कॉर्बेटला चौदाव्या फेरीत खाली बसवलं, ते पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या खाली बसलेल्या डाव्या ठोशाने. उजवा पाय पुढे टाकत त्याने स्टान्स बदलला आणि डाव्या हाताला मागून पूर्ण वजन मिळालं. पुढे मिडलवेट विजेता स्टॅन्ली केचेल याच प्रकारच्या बदलासाठी ओळखला गेला. माइक टायसन जवळच्या अंतरात ठोशाबरोबर पाय पुढे नेत बाजू बदलायचा आणि तिथून हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा, काढायचा.

याची रीत सोपी आहे, करायला मात्र धीर लागतो. ऑर्थोडॉक्समधून उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारायचा. हात लांबतो तेव्हा वजन पुढच्या डाव्या पायावर आलेलं असतं, म्हणून उजवा पाय हलका झालेला असतो. तो हलका पाय क्रॉसच्या मागोमाग पुढे टाकायचा. आता तुम्ही साउथपॉ आहात, डावा हात मागे भरलेला आहे, आणि समोरचा अजून तुमच्या क्रॉसमधून सावरतो आहे. दोन पाय एका ओळीत आले होते तो क्षण त्याने पाहिला नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तुमचा ग्लोव्ह होता. यात एक अट आहे: समोरचा मागे सरत असला पाहिजे, किंवा निदान हात वर घेऊन थांबलेला असला पाहिजे. तो पुढे येत असताना हा बदल केला तर तुम्ही दोघे मिळून त्याच्या ठोशाची ताकद वाढवता. पुढे येणाऱ्यासाठी उलटा बदल वापरायचा: डावा पाय तिरका मागे घ्यायचा आणि उजवा हात, जो आता पुढचा झाला, त्याच्या वाटेत ठेवून जायचा.

तिसरी जागा बाजूची. वासिल लोमाचेंको हा इथला सर्वात मोठा शिक्षक. वडिलांनी त्याला लहानपणी काही काळ पारंपरिक युक्रेनी नृत्य शिकायला लावलं होतं. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्ण जिंकलं. तो साउथपॉ आहे. त्याचे व्हिडिओ बघणाऱ्यांना वाटतं की हा सतत स्टान्स बदलतो. नीट बघा: तो बहुतेक वेळा पुढचा पाय समोरच्याच्या पायाबाहेर रोवतो आणि त्या पायाच्या चवड्यावर अंग फिरवतो. समोरच्याला वळून त्याला शोधावं लागतं, तोवर दोन ठोसे झालेले असतात. मागचा पाय कुठे पडतो हे त्या कोनावर ठरतं. कबड्डी खेळलेली आपली मुलं हे लवकर उचलतात, कारण चढाईत बाजूला सरकणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

"पाय कधी ओलांडायचे नाहीत" हा पाठही मुलांना दिला जातो, तो योग्य आहे. जर्सी जो वॉलकॉट तो उघडपणे मोडायचा: पाठ वळवल्यासारखा चालायला लागायचा आणि मध्येच वळून मारायचा. १८ जुलै १९५१ ला पिट्सबर्गमध्ये त्याने एझर्ड चार्ल्सला सातव्या फेरीत डाव्या हुकने पाडून हेवीवेटचं विजेतेपद घेतलं तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. इतक्या वर्षांच्या अंतराच्या अंदाजाशिवाय ते चालणं म्हणजे मार खाणं, हे मुलांना स्पष्ट सांगावं.

बदल कधी करू नये याचं सगळ्यात ठळक उदाहरण मार्विन हॅगलरचं आहे. मूळ उजव्या हाताचा हा माणूस मुख्यतः साउथपॉ खेळायचा आणि दोन्ही बाजूंनी तितकाच धोकादायक होता. ६ एप्रिल १९८७ ला लास व्हेगासमध्ये शुगर रे लेनर्डविरुद्ध तो ऑर्थोडॉक्समध्ये उतरला. लेनर्डने सुरुवातीच्या फेऱ्या उचलल्या. हॅगलर नंतर साउथपॉमध्ये परतला आणि लढत चुरशीची झाली, पण १२ फेऱ्यांनंतर पंचांचा विभागलेला निकाल लेनर्डकडे गेला. या निकालावर लोक अजून भांडतात. सुरुवातीच्या फेऱ्यांमधल्या स्टान्सच्या निवडीबद्दल मात्र फारसं कोणी हॅगलरची बाजू घेत नाही, मीही घेत नाही.

याउलट टेरेन्स क्रॉफर्ड. २८ जून २०१४ ला ओमाहात युरिऑर्किस गॅम्बोआच्या वेगापुढे ऑर्थोडॉक्समध्ये त्याला सुरुवातीला जड गेलं. मग तो साउथपॉ झाला, तिथेच राहिला, आणि नवव्या फेरीत लढत संपवली. "तिथेच राहिला" हे शब्द महत्त्वाचे आहेत. २९ जुलै २०२३ ला एरल स्पेन्सविरुद्ध तर त्याने बहुतांश लढत साउथपॉमध्येच खेळली. या काळातल्या सर्वात नावाजलेल्या स्विच करणाऱ्या, म्हणजे स्टान्स बदलणाऱ्या, बॉक्सरने इतक्या मोठ्या रात्री फारसं स्विच केलं नाही. आपला १६ वर्षांचा मुलगा एकाच फेरीत सारखा पाय बदलत असेल, तर त्याला ही लढत बसवून दाखवा.

तालमीतून आलेल्या मुलांचा वेगळा प्रश्न

खानदेशात बॉक्सिंगकडे येणारी बरीच मुलं आधी कुस्ती खेळलेली असतात. गावच्या यात्रेत दंगल, मग तालीम, मग कुणीतरी ग्लोव्ह हातात देतो. या मुलांचं अंग कणखर असतं, मार सोसायची तयारी असते. पण उजव्या हाताच्या पैलवानाचा पवित्रा साधारणपणे उजवा पाय पुढे घेऊन असतो, आणि बॉक्सिंगमध्ये आल्या आल्या आपण त्याचा डावा पाय पुढे करतो.

अशा एका मुलाला मी स्पॅरिंगमध्ये जवळून बघत होतो. पहिलं मिनिट डावा पाय पुढे, सगळं व्यवस्थित. मग समोरच्याने त्याला दोरीकडे रेटलं. त्याच क्षणी त्याचा उजवा पाय पुढे आला, दोन्ही टाचा जमिनीला चिकटल्या, बुटाच्या आत बोटं आवळलेली बाहेरून दिसत होती, गुडघे खोल वाकले आणि डोकं पुढच्या गुडघ्याच्याही पुढे गेलं. पट काढायची, म्हणजे कुस्तीत समोरच्याचे पाय धरायची, पूर्ण तयारी. समोरून आला तो अपरकट, खालून वर येणारा ठोसा. फेरी संपल्यावर मी विचारलं, "पाय का बदलला?" तो म्हणाला, "मी कोठे बदला?" आणि तो खरंच बोलत होता.

म्हणजे हा बदल नव्हेच, दबावाखाली अंग जुन्या घरी परतलं. याला बदलाचे धडे देऊन काही होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: अशा मुलाला सरळ साउथपॉ करून टाका. त्याचा उजवा, ताकदीचा हात पुढे राहू दे. क्रॉफर्ड स्वतः उजव्या हाताचाच आहे आणि साउथपॉमध्ये त्याचा पुढचा हात इतका त्रास द्यायचा त्याचं एक कारण तेच आहे. उलट बाजूने ऑस्कर डे ला होया: मूळ डावखुरा, खेळला ऑर्थोडॉक्स, आणि त्याचा डावा हुक जगभर गाजला. आपल्याकडे मेरी कोम आणि अमित पंघाल दोघेही साउथपॉ, त्यामुळे मुलाला "उलटा" खेळायला लावतोय अशी शंका पालकांनी मनात आणू नये.

टाचेची सवय मात्र मोडावीच लागते. मागची टाच जिथे यायला हवी तिथे पाण्याची रिकामी, चेपलेली प्लॅस्टिकची बाटली ठेवा आणि त्या जागेवर बदल करून थांबायला सांगा. टाच खाली गेली की बाटली कुरकुरते. मुलाला तुम्ही ओरडायची गरज राहत नाही.

जमीन

याकडे कोणी बघत नाही. सराव तालमीतल्या मऊ मातीत किंवा कुस्तीच्या जाड मॅटवर असेल, तर पाय रुततो आणि चवड्यावर फिरता येत नाही. मग मुलगा फिरायच्या ऐवजी उचलून पाय टाकायला शिकतो, शिवाय गुडघ्याला पीळ बसतो. गच्चीच्या सिमेंटवर बूट जास्त धरतो. शाळेच्या हॉलमधल्या शहाबादी फरशीवर धूळ असली की तोच बूट घसरतो. स्पर्धेचं कॅनव्हास या तिन्हींपेक्षा वेगळं लागतं. रिंग नसेल तर घट्ट फोमची पट्टी आणि त्यावर ताणून बांधलेलं जाड कापड एवढं तरी करा, निदान फिरण्याचा सराव त्यावर व्हावा. स्पर्धेच्या ठिकाणी वजन झाल्यावर परवानगी मिळाली तर रिंगमध्ये चढून दहा-बारा वेळा चवड्यावर फिरून बघू द्या.

सराव कसा घ्यायचा

फरशीवर खडूने एक लांब रेघ ओढा. स्टान्समध्ये रेघ दोन्ही पायांच्या मधून गेली पाहिजे: पुढचा पाय एका बाजूला, मागचा दुसऱ्या बाजूला, साधारण खांद्याएवढं अंतर. बदल केल्यावरही रेघ मधूनच जायला हवी. पाय रेघेवर पडला तर पाया अरुंद झाला. रेघेपासून फार लांब पडला तर छाती उघडी राहिली. त्याच जागी थांबवून जोडीदाराने तळहाताने छातीवर हलका रेटा द्यावा. पोरगा मागे गेला तर पुन्हा. हा रेटा देणं कंटाळवाणं वाटतं म्हणून बरेच जण गाळतात, आणि मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण मुलाला स्वतःच्या अंगात उत्तर कळतं.

पुढची पायरी म्हणजे नवीन स्टान्समध्ये नुसता जॅब. फेरीच्या फेरी फक्त पुढचा हात. ज्या बाजूला तुमच्याकडे जॅब नाही त्या बाजूला जाऊन तुम्ही काय करणार? बहुतेक मुलं साउथपॉमध्ये जातात ती एक जोरदार डावा मारायला, तो चुकला की हातात काही उरत नाही.

त्यानंतर अटीचं स्पॅरिंग घ्या. जोडीदाराने फक्त जॅब मारायचा, तोही खांद्यावर, टेकवण्यापुरता. मुलाला बदल करायची मुभा फक्त तीन वेळी: स्वतःचा ठोसा सुटत असताना, पल्ल्याबाहेर असताना, किंवा बाजूला निघताना. यापैकी काही नसताना पाय बदलला तर थांबवायचं आणि पहिल्या जागेवरून सुरू. आठवडाभरात मुलगा कमी वेळा बदल करायला लागतो. तेच हवं आहे.

ज्याला एकच स्टान्स धड येत नाही, जॅब मारल्यावर ज्याचे पाय जवळ येतात, त्याला हे काही शिकवू नका. माझ्याकडे पहिलं वर्ष एकच स्टान्स, कितीही हट्ट केला तरी.

सुधारून पुन्हा का उलटतं

बॅग उलटून मारत नाही आणि आरसा पुढे येत नाही. तिथे शिकलेला बदल माणसासमोर टिकत नाही, म्हणून जोडीदाराशिवायचा सराव एकूण सरावात थोडाच ठेवावा. दुसरं कारण पोटऱ्या. तिसऱ्या फेरीत त्या भरून येतात, टाचा खाली बसतात, आणि बदलाला लागणारा वेळ वाढतो. ताज्या पायांनी केलेला सराव तिथे कामाला येत नाही, म्हणून बदलाचे धडे सरावाच्या शेवटीही एकदा घ्या. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा दुपारी हे करायचं नाही. पहाटे घ्या, पाण्याबरोबर मीठ-साखरही पोटात जाऊ द्या. पेटके आलेल्या पायाला काहीही शिकवता येत नाही. आणि सरावात डोक्याला मार बसून मुलाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी यातलं काही झालं तर त्या दिवशी ग्लोव्ह काढायचे आणि डॉक्टरांकडे न्यायचं. "थोडं बसला की बरं वाटेल" हे चालणार नाही.

स्पर्धा चालू असताना दोष उफाळला तर? मोठ्यांच्या हौशी लढतीत ३ मिनिटांच्या ३ फेऱ्याच असतात, दुरुस्तीला मधलं एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात तीन सूचना देऊ नका. मूळ स्टान्समध्ये राहा आणि जॅब मार, एवढंच सांगा. फेरीची सुरुवात तशी गेली, श्वास बसला, आणि समोरचा मागे सरायला लागला, की बदल करायची वेळ मुलाला आपोआप दिसते. तो मागे सरतच नसेल तर त्या दिवशी बदल नको. जॅबवर जिंकता येते ती लढत जॅबवरच जिंकावी.